प्रदूषणाच्या पाठात धातू कोठे आहे?

शाळेच्या पुस्तकांत प्रदूषण या विषयाला आता हक्काची जागा मिळाली आहे, ही चांगली गोष्ट आहे. प्राथमिक वर्गांपासून दहावीपर्यंत तो या ना त्या रूपाने येत राहतो. पाठाची मांडणी बहुधा ठरलेली असते: प्रदूषणाचे प्रकार, कारणे, परिणाम आणि उपाय. प्रकार म्हणजे हवा, पाणी, जमीन आणि ध्वनी. उपायांत झाडे लावणे, कचऱ्याचे वर्गीकरण आणि 'कारखान्यांनी सांडपाण्यावर प्रक्रिया करूनच ते नदीत सोडावे' हे वाक्य हमखास असते. विद्यार्थी ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात.

या पाठातील माहिती चुकीची आहे, असे आमचे म्हणणे नाही. आमची तक्रार वेगळी आहे. या मांडणीत शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा यांसारख्या विषारी धातूंना नीट जागाच मिळत नाही. 'जड धातू' हा शब्द एखाद्या यादीत साबण, कीटकनाशके आणि सांडपाणी यांच्या सोबतीने येतो आणि निघून जातो. जणू हे सारे एकाच जातीचे पदार्थ आहेत. ते तसे नाहीत. हा फरक विद्यार्थ्याला कळला नाही, तर आपल्या गावच्या नदीबद्दल तो जो निष्कर्ष काढेल तो चुकण्याचा संभव आहे. पनवेल परिसरातील शिक्षकांना तर या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून चालणारच नाही.

दोन पाठ, एकमेकांशी अबोला

शेतातला पालापाचोळा, मैला, खरकटे, साखर कारखान्याची मळी हे सारे सेंद्रिय पदार्थ आहेत. पाण्यात पडल्यावर जिवाणू त्यांचे विघटन करतात. त्यासाठी पाण्यातला ऑक्सिजन खर्च होतो, मासे मरतात, दुर्गंधी सुटते. परंतु नवी घाण येणे थांबले, तर काही काळाने नदी सावरते, कारण त्या पदार्थांतील कार्बन शेवटी कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. 'नदी स्वतःला शुद्ध करते' हे विधान या घाणीपुरते खरे आहे.

कॅडमियमचे विघटन कोणता जिवाणू करणार? कॅडमियम हे मूलद्रव्य आहे. त्याचे संयुग बदलेल, ते विरघळेल किंवा साक्याच्या रूपाने खाली बसेल, चिखलाच्या कणाला चिकटेल, भाताच्या दाण्यात किंवा माणसाच्या मूत्रपिंडात जाऊन बसेल. पण त्याचा अणू कॅडमियमचाच राहील. त्याला जाळले तरी तो धुरात किंवा राखेत सापडेल.

द्रव्य अक्षय्यतेचा नियम आपण विज्ञानाच्याच पुस्तकात शिकवतो. लव्हाझिएचे नाव सांगतो, तराजूचा प्रयोग दाखवतो. मग काही प्रकरणे ओलांडून प्रदूषणाच्या पाठावर येतो आणि तेथे मात्र तो नियम विसरून 'प्रक्रिया केल्याने पाणी शुद्ध होते' असे सांगून मोकळे होतो. एकाच पुस्तकातील हे दोन पाठ एकमेकांशी बोलत नाहीत, हा आमचा मुख्य आक्षेप आहे. धातूच्या बाबतीत 'प्रदूषण दूर झाले का?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'धातू येथून निघाला, तो गेला कोठे?' असे विचारले पाहिजे.

बंद पडलेल्या खाणींचा धडा

हा प्रश्न न विचारल्याचे परिणाम जगात सर्वांत स्पष्टपणे दिसतात ते बंद पडलेल्या धातूखाणींच्या परिसरात. तांबे, जस्त, शिसे यांची खनिजे बहुधा गंधकाशी संयोग पावलेली, म्हणजे सल्फाइडे असतात. त्यांच्या सोबतीला पायराइट हे लोहाचे सल्फाइडही असते. जमिनीच्या पोटात, हवेपासून दूर, ती लाखो वर्षे स्वस्थ पडून राहतात. माणूस खडक फोडून वर आणतो, हवा तेवढा धातू काढून घेतो आणि उरलेल्या चुऱ्याचे डोंगर रचतो. आता हवा, पावसाचे पाणी आणि काही जिवाणू यांच्यामुळे पायराइटपासून गंधकाम्ल तयार होऊ लागते. हे आम्ल उरलेल्या खनिजांतले धातू विरघळवून ओढ्यात आणते. खाणीचा भोंगा वाजायचा थांबला, कामगार निघून गेले, कंपनीचे नावही पुसले गेले, तरी ही अभिक्रिया चालूच राहते.

ती किती काळ चालते? इंग्लंडमधील बहुतेक धातूखाणी बंद होऊन शंभर वर्षे उलटली. तरीही तेथील सुमारे १,५०० किलोमीटर लांबीच्या नद्या आजही या जुन्या खाणींतून झिरपणाऱ्या धातूंनी दूषित आहेत आणि २०३८ सालापर्यंत ही लांबी निम्मी करण्याचे उद्दिष्ट त्या सरकारला कायद्याखाली ठरवावे लागले आहे. २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात मार्क मॅकलिन आणि सहकाऱ्यांनी जगभरातील धातूखाणींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात चालू खाणी सुमारे २२,६०० आणि सोडून दिलेल्या खाणी सुमारे १ लाख ६० हजार अशी नोंद आहे. खाणींच्या कचऱ्यातून वर्षानुवर्षे आलेल्या धातूंनी दूषित झालेल्या पूरमैदानांवर सुमारे २ कोटी ३० लाख लोक राहतात, असा त्यांचा अंदाज आहे. खाणीच्या गाळाचा बांध फुटला की ती बातमी होते. पण बांध फुटून थेट फटका बसलेल्यांपेक्षा अशा सावकाश झिरपण्याच्या छायेत राहणाऱ्यांची संख्या जवळपास पन्नास पट आहे, हेही या अभ्यासातून दिसले.

पुस्तकांत कधी कधी 'इटाई-इटाई' या जपानी रोगाचा एका ओळीत उल्लेख असतो: कॅडमियममुळे होणारा हाडांचा रोग. या एका ओळीत खरी गोष्ट हरवते. तोयामा प्रांतातून वाहणाऱ्या जिन्झू नदीच्या वरच्या अंगाला, शेजारच्या प्रांतात कामिओका येथे जस्ताची आणि शिशाची खाण होती. तेथील कॅडमियम नदीतून भातखाचरांत उतरले, भातातून माणसांत गेले. मूत्रपिंडे निकामी झाली, हाडे इतकी ठिसूळ झाली की कूस बदलतानाही ती मोडत. 'इटाई' म्हणजे 'दुखते'. रोग्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि त्याही मध्यमवयीन आणि वृद्ध. १९६८ साली सरकारने हा रोग कॅडमियममुळे होतो हे मान्य केले. १९७१ आणि १९७२ साली न्यायालयांनी खाण कंपनीला जबाबदार धरले.

पुस्तकातली ओळ येथे संपते. पण गोष्ट खरी सुरू होते ती पुढे. दूषित खाचरांची माती बदलण्याचे काम १९७९ साली हाती घेतले गेले आणि ते पुरे झाले २०१२ साली. सुमारे ८६३ हेक्टर जमिनीसाठी तेहतीस वर्षे लागली. काम कसे केले? कॅडमियम नष्ट केले का? नाही. दूषित माती खाली गाडून वर चांगल्या मातीचा थर टाकला. २००१ साली खाण बंद झाली, पण खटला जिंकलेल्या शेतकऱ्यांनी खाणीची दर वर्षी स्वतः पाहणी करण्याचा जो हक्क करारात मिळवला होता तो त्यांनी सोडला नाही. खाण बंद झाल्यावरही राखण संपत नाही, हे त्यांना कळले होते.

पनवेलला खाण नाही, तरीही

आता आपल्याकडे वळू. पनवेलच्या परिसरात खाणी आहेत त्या काळ्या दगडाच्या, खडीच्या. सह्याद्रीच्या या बेसाल्टमध्ये शिसे-जस्ताचे काम कधी चालले नाही. मग आम्ही खाणींचा एवढा पाढा का वाचला?

कारण खाणीतून निघालेला धातू खाणीपाशी थांबत नाही. तो रंगद्रव्यांत, मुलाम्यात, उत्प्रेरकांत, मिश्रधातूंत, बॅटऱ्यांत शिरून कारखान्यांकडे येतो. पनवेल तालुक्यात तळोजे येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत आहे. तेथे रसायने, औषधे, रंग, धातुकाम असे अनेक प्रकारचे शेकडो उद्योग आले. या वसाहतीतून कासाडी नदी वाहते आणि पनवेलच्या खाडीला मिळते. कासाडीच्या प्रदूषणाचे गाऱ्हाणे राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. मुंबईतील रसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी २०११ च्या सुमारास तळोज्याच्या सांडपाण्यातील जड धातूंचे मापन करून ते प्रसिद्ध केले. तेव्हा येथे खाण नसली तरी खाणीचे शेपूट येथवर आलेले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

तळोजे देशभर गाजले ते मात्र २०१७ च्या ऑगस्टमध्ये, निळ्या कुत्र्यांमुळे. एका कारखान्याच्या आवारातील रंगामुळे भटकी कुत्री निळी झाली. छायाचित्रे परदेशांतल्या वृत्तपत्रांपर्यंत पोहोचली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. कुत्र्यांचा निळा रंग धुऊन गेला, तसा गाजावाजाही ओसरला. त्या घटनेत कळकळ होती, पण तिच्यातून एक उलटा धडाही घेतला गेला असण्याची भीती वाटते: प्रदूषण म्हणजे रंग, वास आणि फेस. हे तिन्ही नसतील तर पाणी ठीक. पाण्यात विरघळलेल्या कॅडमियमला किंवा शिशाला रंगही नसतो आणि वासही नसतो.

पाणी वाहते, गाळ राहतो

कासाडीसारखी नदी खाडीला मिळते तेव्हा तेथे काय घडते, हे पाहण्यासारखे आहे. चिकणमातीच्या सूक्ष्म कणांना आणि लोहाच्या ऑक्साइडांना धातू सहज चिकटतात. गोड्या पाण्यात हे कण तरंगत येतात. खारे पाणी भेटताच ते एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि खाली बसतात. म्हणून खाडीचे तोंड म्हणजे धातूंचा एक सापळाच असतो. तिवरांखालचा चिखल काळा असतो आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, हे खाडीकाठच्या मुलांना ठाऊक असते. तेथे ऑक्सिजन नसतो. समुद्राच्या पाण्यातील सल्फेटपासून जिवाणू सल्फाइड तयार करतात आणि त्याच्याशी संयोग पावून कितीतरी धातू अविद्राव्य होतात.

म्हणजे खाडीच्या चिखलात निसर्ग धातूंना पुन्हा सल्फाइडाच्या रूपात बांधून ठेवतो, जसे ते मुळात खडकात होते. हे चांगलेच आहे. पण हा बंदोबस्त तो चिखल हलवेपर्यंतच टिकतो. चिखल उपसला, भरावासाठी उघड्यावर टाकला, की हवा लागते आणि खाणीच्या चुऱ्यात जे घडते तेच येथे घडू लागते. नदीकाठचा गाळ पुरात उचलला जातो तेव्हा तो शेतात आणि वस्तीत जातो. २६ जुलै २००५ च्या पुरात गाढी नदीकाठचे पनवेल पाण्यात होते, हे येथील जुन्या शिक्षकांना आठवत असेल. पूर ओसरल्यावर घरांत उरतो तो गाळ. तो कोठून आला, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

आणि हा गाळ निर्जन नसतो. निवट्या या चिखलावरच जगतात, चिंबोऱ्या त्यात बिळे करतात, कालवे आणि शिवल्या पाणी गाळून अन्न मिळवतात व त्यासोबत धातूही साठवतात. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत हे रोजचे जेवण आहे. तळोज्यात इटाई-इटाई झाला आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तसे म्हणायला पुरावा लागतो, आणि पुराव्याशिवाय भीती पसरवणे हे शिक्षकाचे काम नव्हे. परंतु शरीरात गेलेले कॅडमियम निम्मे बाहेर पडायला दहा ते तीस वर्षे लागतात, आणि लहान मुलांच्या मेंदूला निर्धोक अशी शिशाची कोणतीही पातळी माहीत नाही. तेव्हा मापन केलेच नाही म्हणून निश्चिंत राहणे, हेही विज्ञान नव्हे.

मिलिग्रॅम आणि किलोग्रॅम

आमचा दुसरा आक्षेप मोजमापाच्या पद्धतीवर आहे. पाठात नदीच्या आरोग्याचे माप म्हणून बीओडी, म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजनची मागणी, सांगितली जाते. हे माप सेंद्रिय घाणीचे आहे. बीओडी कमी असलेल्या पाण्यात धातू भरपूर असू शकतात. इतकेच नव्हे, तर धातू फार असले तर चाचणीतले जिवाणूच मंदावतात आणि बीओडीचा आकडा असायला हवा त्यापेक्षा कमी येतो. म्हणजे पाणी जास्त विषारी आणि आकडा जास्त चांगला!

धातूंसाठी वेगळे मापदंड आहेत, पण तेही सांडपाण्यातल्या तीव्रतेचे, म्हणजे मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये. पर्यावरण (संरक्षण) नियमांतील सर्वसाधारण मापदंडानुसार नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्यात एकूण क्रोमियम प्रतिलिटर २ मिलिग्रॅमपर्यंत चालते. एखाद्या कारखान्याच्या परवान्यात याहून कडक अट असू शकते; पण हा आकडा घेऊन वर्गात एक गणित जरूर करावे. समजा, एखाद्या वसाहतीतून रोज १ कोटी लिटर सांडपाणी बाहेर पडते आणि क्रोमियम बरोबर मर्यादेइतके आहे. रोज २० किलो. वर्षाला ७,३०० किलो. दहा वर्षांत ७३ टन. आणि या दहा वर्षांत एकही दिवस नियमभंग झालेला नाही! हे आकडे काल्पनिक आहेत, तळोज्याचे नव्हेत. पण गणित खरे आहे. पाणी घालून पातळ केले की मिलिग्रॅमचा आकडा उतरतो, किलोग्रॅमचा उतरत नाही. खाडीच्या तळाशी बेरीज होते ती किलोंची. म्हणून पाण्याची बाटली भरून केलेली तपासणी त्या दिवसापुरती खरी. अनेक वर्षांचा हिशेब पाहायचा तर गाळ तपासावा लागतो.

'प्रक्रिया' म्हणजे काय?

मग कारखान्यांनी प्रक्रिया करू नये काय? अवश्य करावी. पण प्रक्रियेत काय होते हे विद्यार्थ्याला कळावे. सांडपाण्यात चुना घालून त्याचा सामू वाढवला की बरेच धातू हायड्रॉक्साइडच्या रूपाने खाली बसतात. वरचे पाणी सोडता येते. तळाशी उरतो तो धातूंनी भरलेला गाळ. अशा धोकादायक कचऱ्यासाठी तळोज्यात सामायिक केंद्र आहे. तेथे अस्तर घातलेल्या खड्ड्यांत तो बंदिस्त करून ठेवला जातो. नदीत सोडण्यापेक्षा हे शंभरपटींनी बरे. मात्र ही विल्हेवाट नव्हे, हा साठा आहे. जपानच्या शेतकऱ्यांनी जशी खाणीची राखण चालवली तशी या साठ्याचीही राखण पिढ्यान्‌पिढ्या करावी लागेल. कारखाने बंद पडतात, कंपन्या विकल्या जातात, जुन्या औद्योगिक जागांवर घरे उभी राहतात. मुंबई-ठाणे पट्ट्यात हे आपण पाहतच आहोत. तेव्हा राखण कोणाची, हे आज लिहून ठेवले नाही तर उद्या विचारायला कोणी सापडणार नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. अशा जागा शोधणे, जबाबदार कोण ते ठरवणे आणि सफाईचा खर्च त्याच्याकडून वसूल करणे यांची पद्धत त्यांत आहे. हे स्वागतार्ह आहे. पण खाणकामाने दूषित झालेल्या जागा, त्यांना वेगळे कायदे आहेत म्हणून, या नियमांबाहेर ठेवल्या आहेत. पाठात हवा, पाणी, जमीन असे कप्पे, कायद्यातही कप्पे. धातू मात्र या कप्प्यांतून सहज ये-जा करतो.

वर्गात काय करता येईल?

पाठ्यपुस्तक बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही. एक साधा प्रयोग या साऱ्या टीकेपेक्षा जास्त शिकवील. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मोरचूद विरघळवा. सुंदर निळे द्रावण मिळेल. हे आपले 'सांडपाणी'. दुसऱ्या पेल्यात धुण्याच्या सोड्याचे द्रावण करून ते त्यात थोडे थोडे घाला. फार जास्त घालू नका. निळसर-हिरवा साका तयार होईल. तो खाली बसू द्या आणि मिश्रण गाळणकागदातून गाळा. खाली जवळजवळ रंगहीन पाणी येईल. येथे थांबून विद्यार्थ्यांना विचारा: पाणी शुद्ध झाले का? बहुतेक मुले 'हो' म्हणतील. आता कागदावरच्या साक्यावर व्हिनेगर ओता. बुडबुडे येतील आणि निळा रंग परत येईल. तांबे कोठेच गेले नव्हते.

काही पथ्ये पाळावीत. मोरचूद विषारी आहे. प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा, हातमोजे वापरावेत, पेले खाण्यापिण्यासाठी पुन्हा वापरू नयेत. आणि प्रयोग संपला की एक अडचण उभी राहील: हे निळे पाणी आता ओतायचे कोठे? बेसिनमध्ये ओतले तर ते गटारात जाईल, गटारातून गाढीत, गाढीतून खाडीत. मागच्या अंगणात ओतले तर मातीत राहील. या प्रश्नावर वर्गात तास खर्ची पडला तरी पडू द्यावा. आमच्या मते उत्तम उत्तर असे की, ते बाटलीत भरावे, वर चिठ्ठी लावावी आणि प्रयोगशाळेच्या कपाटात कुलपात ठेवावे. पुढच्या वर्षीच्या वर्गाला चिठ्ठीवर तारीख दिसेल, आत काय आहे ते कळेल आणि ते सांभाळण्याची जबाबदारी आता आपल्यावर आली आहे, हेही कळेल.